गाडीचा प्लग

गावात मोटार आली की आता पोरे मागे धावत नाहीत. मोटार ही नवलाची गोष्ट राहिली नाही. कुणाची व्हॅन असते, कुणाची जुनी चारचाकी असते. पहाटे तिच्यातून भाजी बाजाराला जाते. दुपारी वऱ्हाड जाते. रात्री-अपरात्री आजारी माणूसही तिच्यातूनच तालुक्याला जातो. आणि नेमकी अशा वेळीच गाडी अडते. चावी फिरवावी तर नुसती घरघर. गाडी काही सुरू होत नाही. आत कळा सुरू झालेली बाई बसलेली, बाहेर मंडळी धक्का मारताहेत. अशा वेळी कुणी बॅटरीला बोल लावतो, कुणी पेट्रोलला. पण पुष्कळदा दोष असतो बोटाएवढ्या एका वस्तूचा. तिचे नाव प्लग. पुरे नाव स्पार्क प्लग. स्पार्क म्हणजे ठिणगी. ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग.

साध्या प्लगची किंमत शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास असते. तो वेळेवर बदलला तर रात्रीची ही धावपळ टळते. बदलण्याचे काम अवघड नाही. मात्र ते घिसाडघाईचेही नाही. म्हणून आम्ही ते सावकाश सांगणार आहोत.

आधी एक खुलासा. प्लग असतो तो पेट्रोलवर किंवा गॅसवर चालणाऱ्या गाडीला. मोटारसायकललाही असतो. डिझेलच्या गाडीला, ट्रॅक्टरला ठिणगीचा प्लग नसतो. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्या तापानेच डिझेल पेटते. काही डिझेल गाड्यांना हीटर प्लग असतो. तो थंडीत इंजिन गरम करण्यापुरता. नाव सारखे, काम वेगळे. तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने हा पाठ नुसता माहितीसाठी वाचावा.

ठिणगी कशी पडते?

चूल पेटवायला काय लागते? लाकूड लागते, वारा लागतो आणि काडी लागते. इंजिनातही तेच आहे. लाकडाच्या जागी पेट्रोलची वाफ. वारा म्हणजे हवा. आणि काडीच्या जागी प्लग.

इंजिनात गोल पोकळ नळे असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या खालीवर होतो. पिचकारीत होतो ना, तसा. दट्ट्या खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो. वर येताना ते दाबतो. दाबून झाले की माथ्यावरचा प्लग ठिणगी टाकतो. आतला माल भडकन पेटतो, फुगतो आणि दट्ट्याला खाली ढकलतो. त्या ढकलण्यावरच गाडी चालते. मग दट्ट्या वर येऊन धूर बाहेर लोटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. एवढ्याशा विजेने हवेत ठिणगी उडत नाही. म्हणून गाडीत कॉइल बसवलेली असते. ती या १२ व्होल्टचे वीस हजार व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त करते. घरातली वीज २३० व्होल्टची असते, हे ध्यानात घ्या म्हणजे जोर किती ते समजेल. ही वीज जाड तारेतून प्लगच्या डोक्यात येते. प्लगच्या मधोमध एक धातूची काडी असते. तिच्याभोवती पांढरी, चिनी मातीसारखी नळी असते. तिच्यामुळे वीज वाटेत सांडत नाही. खाली टोकाला मधली काडी आणि बाजूची वाकवलेली पट्टी यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. वीज ही फट उडी मारून ओलांडते. ती उडी म्हणजेच ठिणगी.

आता थोडा हिशेब करू. व्हॅन ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे असे धरा. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लग एक ठिणगी टाकतो. म्हणजे मिनिटाला १५००. तासाला झाल्या ९० हजार. ३० हजार किलोमीटर जायला या वेगाने ५०० तास लागतात. तेवढ्यात एकेका प्लगने साडेचार कोटी ठिणग्या टाकल्या! दर ठिणगीला धातूचा अगदी बारीक कण झिजतो. वर जाळाची धग असतेच. मग प्लग म्हातारा होणार नाही तर काय?

ही वस्तू आजची नाही. पॅरिसमध्ये लेन्वार नावाच्या कारागिराने १८६० साली गॅसवर चालणारे इंजिन केले, त्यात विजेच्या ठिणगीचा प्लग होता. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने जोरदार विजेवर चालणारा प्लग तयार केला आणि मोटारींचे काम सोपे झाले. आपल्याकडे १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे घेऊन लोक तिला मायको म्हणत. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी जुने मिस्त्री अजून मायकोचा प्लग मागतात.

प्लग कधी बदलावा?

झिजून झिजून टोकाची फट वाढते. ओढा रुंद झाला की उडी मारणे कठीण होते. विजेचेही तसेच. मग एखादी ठिणगी चुकते. पुढे वरचेवर चुकू लागते. मिस्त्री म्हणतात, गाडी मिसिंग करते.

ते कसे ओळखावे? गाडी जागेवर उभी असताना थरथरते. चढावर दम लागतो. वेग वाढवताना मध्येच झटका बसतो. सकाळी चावी तीन-तीनदा फिरवावी लागते. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी पहिल्यापेक्षा कमी जाते. तीन सिलिंडरच्या व्हॅनचा एक प्लग बंद पडला तर तीन बैलांतला एक खाली बसल्यासारखेच. उरलेले दोन गाडी ओढतात, पण त्यांचे हाल होतात.

नुसती ताकद जाते असेही नाही. न पेटलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाते. आपल्या देशात १९९५ पासून आधी चार महानगरांत आणि मग सगळीकडे नव्या पेट्रोल गाड्यांना धूर साफ करणारा डबा येऊ लागला. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. कच्चे पेट्रोल त्यात जाऊन पेटते, डबा लाल होतो आणि आतून वितळतो. तो बदलायला हजारो रुपये पडतात. दोनशे रुपयांचा कंटाळा केला की असा फटका बसतो. म्हणून मिसिंग करणारी गाडी "चालतेय ना" म्हणून हाकू नये.

हे सारे होण्याआधीच प्लग बदलावा, हे उत्तम. साधे प्लग बहुधा २० ते ४० हजार किलोमीटर टिकतात. इरिडियम नावाच्या महाग धातूचे टोक असलेले प्लग ८० हजार ते लाखापर्यंत जातात. मोटारसायकलचा प्लग पुष्कळ कंपन्या १० ते १२ हजारांवर बदलायला सांगतात. गॅसची गाडी असेल तर थोडे आधीच बदलावे, कारण गॅस पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते. पण हे झाले ढोबळ आकडे. तुमच्या गाडीचा खरा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या दुकानात विचारावा. जुनी गाडी विकत घेतली आणि आधीच्या मालकाने प्लग कधी बदलले ते ठाऊक नसेल, तर सरळ नवे घालावेत आणि तिथून मोजायला सुरुवात करावी.

एक मात्र सांगतो. गाडी मिसिंग करते म्हणजे दोष प्लगचाच, असे नाही. तार फाटली असेल. पावसाळ्यात तारा ओलावल्या असतील, तर कोरड्या फडक्याने पुसल्यावरच गाडी सुधारते. कॉइल गेली असेल. तेव्हा प्लग बदलूनही झटके थांबले नाहीत तर मिस्त्रीकडे जावे. पुन्हा पुन्हा प्लग विकत घेत बसू नये.

दुकानात जाताना जुना प्लग किंवा त्याचा नंबर बरोबर न्यावा. प्लगच्या पांढऱ्या नळीवर इंग्रजी अक्षरे आणि आकडे छापलेले असतात. इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. अक्षराशी अक्षर आणि आकड्याशी आकडा जुळवायचा. एखादे अक्षर वेगळे दिसले तर घेऊ नये. मापात बसतो म्हणजे चालतो, असे दुकानदार म्हणेल. ते खरे नव्हे. एका नंबरचा आटा लांब असतो, दुसऱ्याचा आखूड. लांब आट्याचा प्लग आखूड जागी बसवला तर तो आतल्या दट्ट्यावर आपटू शकतो. शिवाय प्लगमध्ये गरम आणि थंड असे प्रकार असतात. काही प्लग आपली धग लवकर सोडतात, काही धरून ठेवतात. कोणत्या इंजिनाला कोणता हे कंपनीने ठरवलेले असते आणि त्या नंबरात लिहिलेले असते. प्लग घेताना पावती मागावी. या मालात नकली फार.

सगळे प्लग एकदमच बदलावेत. एक नवा आणि दोन जुने, असा संसार नीट चालत नाही.

प्लग कसा बदलावा?

आता हाताला काम. आम्ही मारुती ओम्नी व्हॅनचे उदाहरण घेतो. ही गाडी २०१९ पासून निघत नाही, पण खेड्यापाड्यांत अजून पुष्कळ धावतात. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की झाले. तिला तीन प्लग असतात. बाकीच्या गाड्यांना बॉनेट उघडून पाहावे.

पहिली गोष्ट, इंजिन थंड पाहिजे. गाडी आताच बाजारातून आली आणि लगेच पाना लावला, असे करू नका. दोन-तीन तास थांबा, नाहीतर सकाळीच करा. हात भाजतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण मोठे आहे. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापलेले ॲल्युमिनियम मऊ पडते. गरमात प्लग फिरवला तर हेडचे आटे प्लगबरोबरच निघून येतात. आटे गेले की हेड उतरवून दुरुस्तीला न्यावे लागते. प्लगचे काम दोनशेचे, हे काम हजारांचे.

हातब्रेक ओढा. चावी बंद करून खिशात ठेवा. पोर गाडीत बसून चावी फिरवील, याचा नेम नाही. इंजिन चालू असताना प्लगच्या तारेला हात लावायचा नाही. हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसाने तर उघड्या, चालू इंजिनापासून दूरच राहावे. काम करताना विडी, काडी जवळ नको.

एका वेळी एकच प्लग काढा. तो बसवून झाला की मग दुसरा. तिन्ही तारा एकदम काढल्या की कुठली कुठे ते विसरते आणि गाडी फटफट करून मागे धूर टाकते. तार ओढताना तारेला धरू नका. तिच्या टोकाला रबरी टोपी असते, ती धरून जरा डावी-उजवी फिरवा आणि ओढा. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल बसवलेली असते. तिथे आधी विजेच्या जोडाची लहान खिट्टी दाबून जोड सोडवायचा, मग बोल्ट काढून कॉइल सरळ वर उचलायची.

टोपी निघाली की लगेच पाना लावू नका. प्लगभोवती खळग्यात रस्त्याची माती, वाळू साचलेली असते. प्लग काढताच ती आत पडेल आणि सिलिंडरला ओरखडे पाडील. सायकलचा पंप घ्या आणि हवा मारून ती माती उडवा. हे काम पुष्कळ जण गाळतात. आमच्या मते सगळ्यात मोलाचे हेच आहे.

आता प्लगपाना. पुष्कळ जुन्या गाड्यांना २१ नंबरचा लागतो, पुष्कळ नव्यांना १६ नंबरचा. चांगल्या पान्याच्या आत रबर असते, ते प्लग धरून ठेवते. पाना सरळ उभा बसवा. तिरपा बसला तर पांढरी नळी तडकते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पहिल्यांदा जोर लागतो, मग सैल होतो. फारच घट्ट असेल तर गंज सोडवणारे तेल दोन थेंब सोडा आणि तासभर थांबा. पान्याच्या दांड्याला पाइप घालून जोर करू नका. एका गावी असा पाइप घातलेला आम्ही पाहिला आहे. प्लग अर्ध्यात मोडला, खालचा तुकडा आतच राहिला, आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून तालुक्याला न्यावी लागली.

प्लग निघाला की तो टाकून देऊ नका. उजेडात धरा आणि त्याचे टोक वाचा. हो, वाचाच! इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते त्यावर लिहिलेले असते. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसले तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवेची जाळी मातीने भरली आहे. ती जाळी आधी साफ करा. नुसत्याच जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीलाही अशी काजळी धरते, कारण प्लग पुरता तापतच नाही. टोक काळे, ओले आणि तेलकट असेल तर इंजिनाचे ऑइल वर येते आहे. तिथे नवा प्लग थोडेच दिवस चालेल, इंजिन मिस्त्रीला दाखवलेच पाहिजे. टोक पांढरेफटक आणि भाजल्यासारखे असेल तर इंजिन जास्त तापते आहे किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे. आणि पांढऱ्या नळीवर बाहेरून, लोखंडाला लागून, तपकिरी डाग असेल तर घाबरू नका. तो विजेमुळे पडतो. त्याने काही बिघडत नाही. कुणी तो दाखवून इंजिन खोलायला सांगितले तर ऐकू नका.

काजळीचा प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा घालतात. वाटेत अडल्यावर घरी येण्यापुरते ते ठीक. नेहमीचा उपाय तो नव्हे. फट वाढलेलीच राहते.

नव्या प्लगची फट पाहा. गाडीगणिक ती बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. फूटपट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधले अंतर म्हणजे एक मिलिमीटर. तेवढी ती चिंचोळी. ती मोजायला पातळ पोलादी पट्ट्यांचे गेज मिळते. पुस्तिकेतल्या आकड्याची पट्टी फटीत घालावी. ती किंचित अडखळत सरकली म्हणजे फट बरोबर. फट जास्त असेल तर बाहेरची वाकडी पट्टी लाकडावर हलकेच ठोकावी. मधल्या काडीला धक्का लावू नये. इरिडियमच्या प्लगला यातले काहीच करू नका. त्याचे टोक फार नाजूक असते आणि फट कारखान्यातून नीट ठेवूनच येते. तो हातातून पडला तर मात्र वापरू नये.

बसवताना पाना बाजूला ठेवा. प्लग बोटांनी बसवा. जागा खोल असेल तर प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घाला आणि नळी फिरवा. आधी थोडे उलटे फिरवा. आट्यात आटा बसला की हाताला बारीकसे टक् असे कळते. मग सुलटे फिरवा. चार-पाच फेरे बोटांनीच जायला हवेत. अडकला, तर जोर न करता मागे घ्या आणि पुन्हा लावा. वाकडा गेलेला आटा पान्याने सरळ होत नाही, कायमचा बिघडतो. आट्याला तेल, ग्रीस लावू नका. त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

किती आवळावा? प्लगला खाली वायसर असतो. वायसर टेकेपर्यंत हाताने. मग पाना लावून अर्धा फेरा. पान्याचा दांडा घड्याळाच्या बारावर असेल तर तो सहावर आणायचा, किंवा फार तर आठापर्यंत. हे नव्या वायसरचे. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो. मग बारावरून एकापर्यंतच. काही प्लगना वायसर नसतो, खालचा भाग निमुळता असतो. तिथे एकाच्याही अलीकडे थांबायचे. प्लगच्या खोक्यावर याचे चित्र असते. त्यात वेगळे सांगितले असेल तर तेच खरे. सैल ठेवला तर प्लग तापून जळतो, फार आवळला तर आटे जातात.

तारेची टोपी दाबून बसवा, टक् वाजेपर्यंत. तिन्ही झाले की गाडी सुरू करा. मिनिटभर नुसते ऐका. आवाज एकसारखा, अंगाला थरथर नाही, म्हणजे काम जमले. आवाज तुटक आला तर गाडी बंद करून टोप्या पुन्हा दाबून पाहा. बहुधा एखादी अर्धवट बसलेली असते.

जुन्या तीनपैकी बरा दिसेल तो एक, फडक्यात गुंडाळून पान्यासह गाडीत ठेवा. अडीअडचणीला घरी पोहोचवील. आणि हात धुतले की वही काढा. तारीख लिहा. समोरच्या काट्याखाली गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा असतो, तो लिहा. प्लगचा नंबर खोक्यावरून पाहून उतरवा. समजा गाडी आज ६२,४०० वर आहे आणि पुस्तिकेत २०,००० सांगितले आहेत. तर शेजारी लिहा: पुढचे प्लग ८२,४०० वर.